‘अस्खलित’ म्हणजे ‘ओघवती’ नव्हे

सांगलीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला आणि गुणपत्रिकेवर परीक्षकांनी शेरा मारला : ‘भाषा अस्खलित, पण वाणी ओघवती नाही.’ ताई विचारतात, दोन्हींचा अर्थ एकच ना? मग एक आहे आणि दुसरं नाही, हे कसं? शिवाय मुलीचे आजोबा कौतुकानं तिला ‘फर्डी वक्ती’ म्हणतात, ते बरोबर आहे का? गल्लीतलं मंडळ तिचा सत्कार करणार आहे, त्या मानपत्रात नेमकं काय लिहावं? सोबत त्यांनी मुलीच्या भाषणाची सुरुवातही पाठवली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी एक कबुली देतो. मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली वीसेक वर्षं सातारा-सांगली पट्ट्यातल्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो. सकाळी पहिल्या पाच-सहा पोरांना आपण मन लावून शेरे लिहितो. दुपारी तीन वाजता पस्तिसावं पोर उभं राहतं, समोरच्या ताटलीतली बिस्किटं मऊ पडलेली असतात, आणि हात आपोआप ‘अस्खलित’ लिहून मोकळा होतो. मी असा शेरा शेकडो वेळा मारलाय. पोर न अडकता बोललं एवढंच त्यातून कळतं. बाकी माझ्या कंटाळ्याची नोंद. तुमच्या परीक्षकांनी मात्र दोन शब्द शेजारी ठेवून एक दिलाय आणि एक राखून ठेवलाय. म्हणजे ते जागे होते. त्यांच्यावर रागावू नका.

‘अस्खलित’ हा शब्द मुळात पायांचा आहे. स्खल् म्हणजे घसरणं, पाय अडखळणं, जागा सोडणं. भूस्खलनात हाच धातू आहे. पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर जुलै २०२१ मध्ये दरडी आल्या, तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही समजावून सांगावा लागत नाही. तर अ-स्खलित म्हणजे जे घसरलं नाही ते. म्हणजे या शब्दात फक्त नकार आहे. काय झालं नाही ते तो सांगतो, काय झालं ते सांगत नाही. एखाद्या रस्त्याला ‘बिनखड्ड्याचा’ म्हणावं तसं. खड्डे नाहीत हे कळलं आणि बरंही वाटलं, पण रस्ता औंधला जातो का विट्याला, हे त्यातून कसं कळणार?

या शब्दाची आणखी एक गंमत सांगतो. आपण तो कोणासाठी वापरतो बघा. बदली होऊन आलेले परप्रांतातले जिल्हाधिकारी ‘अस्खलित मराठी’ बोलतात. कोणाची पुण्यात शिकणारी भाची ‘अस्खलित इंग्रजी’ बोलते. मिरजेच्या दवाखान्यात कर्नाटकातून पेशंट येतात, तिथल्या सिस्टर ‘अस्खलित कन्नड’ बोलतात. पण वाईच्या किंवा तासगावच्या माणसाबद्दल ‘तो अस्खलित मराठी बोलतो’ असं कधी ऐकलंय? ऐकलं तर आपण विचारू, का हो, त्याची आई कुठली? आपल्या घरच्या भाषेत न घसरणं ही स्तुती होत नाही. ती होते परक्या भाषेत, किंवा परक्या जागी. स्टेज ही आठवीतल्या पोरीला परकीच जागा असते, म्हणून तिथे हा शब्द शोभतो. तुमची मुलगी चारशे माणसांपुढे घसरली नाही, याची ती पावती आहे. पावती खरी आहे, जपून ठेवा.

आता ‘ओघवती’. ओघ म्हणजे प्रवाह. इथे नकार नाही, इथे काहीतरी वाहतंय. मागचं पाणी पुढच्याला ढकलतं, पुढचं मागच्याला ओढतं, अशी कल्पना त्यात आहे. संस्कृतात स्त्रीलिंगी ‘ओघवती’ आणि पुल्लिंगी ‘ओघवान’. पण मराठी कानाला तो शब्द ‘वाहती’सारखा वाटला, म्हणून आपण ‘ओघवता’, ‘ओघवतं’, ‘ओघवत्या’ अशी रूपं बिनदिक्कत करून टाकली. व्याकरणाचे कडक मास्तर कुरकुर करतील, मी करत नाही. ‘ओघवतं निवेदन’ आता मराठीच झालंय. मात्र तो माणसाला लावू नका. ‘ओघवता वक्ता’ कानाला खटकतं. ओघ वाणीला असतो, शैलीला असतो, लिखाणाला असतो.

ओघ आणि पूर यांतला फरक सांगलीकरांना शिकवायची गरज नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका. त्याच्या खाली असते तोवर ती नदी, वर गेली की लोक गाठोडी बांधतात. बोलण्याचंही तसंच आहे. ऐकणारा काठावर उभा राहून बघू शकतो तोवर ओघ. त्याच्या घरात पाणी शिरलं की तो मनातल्या मनात सामान माळ्यावर चढवायला लागतो आणि तुमचं भाषण ऐकू येईनासं होतं. अशा पुराला मराठीत नावं भरपूर आहेत : तोंडाचा पट्टा, टकळी, चऱ्हाट, पाल्हाळ, गुऱ्हाळ. ऊसपट्ट्यातल्या माणसाला गुऱ्हाळाचा राग यायला नको खरं तर, पण बोलण्याचं गुऱ्हाळ म्हटलं की तोही हसतो, कारण चरक फिरताना कसा तेच ते फिरतो हे त्यानं पाहिलेलं असतं.

आता भाषण. ताईंनी पाठवलेली सुरुवात अशी आहे :

‘कर्मवीर भाऊराव पाटील हे थोर शिक्षणमहर्षी होते. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली. त्यांनी वसतिगृह सुरू केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकले.’

हे अस्खलित आहे. एकही चूक नाही. मुलीनं ते स्वच्छ उच्चारात म्हटलं असणार, ‘शिक्षणमहर्षी’मधला ष सुद्धा नीट काढला असणार. पण प्रत्येक वाक्याचा शेवट बघा : होते, झाला, केली, आली, केले, विकले. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून सहा वाक्यांत सहा वेळा टाळं लागलं. आणि सुरुवात बघा : त्यांचा, त्यांनी, त्यांनी, त्यांच्या. म्हणजे प्रत्येक वेळी कुलूप लावायचं, अंगणात यायचं, पुन्हा त्याच दारातून आत जायचं. ऐकणाऱ्याला पायपीट होते. परीक्षकांना ‘ओघवती नाही’ असं जे वाटलं, ते इथे आहे. मुलीच्या जिभेत काहीच खोट नाही, खोट आहे ती कागदावर. आणि कागद बहुतेक तिच्या बाईंनी किंवा तुम्हीच लिहून दिला असेल. रागावू नका, सगळीकडे तेच चालतं.

हाच मजकूर असा बोलून बघा :

‘काले गावात १९१९ साली एक संस्था सुरू झाली. पाच वर्षांनी ती साताऱ्यात आली. साताऱ्यात वसतिगृह चालवायचं म्हणजे पोरं आली. पोरं आली की भूक आली. आणि भूक काही देणगीची वाट बघत थांबत नाही. लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, एकेक करून गेले, आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. त्या लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे आपले कर्मवीर.’

मी पोरांना सांगायचो, मागच्या वाक्याचं शेपूट धरा. ‘साताऱ्यात आली’ म्हटलं की पुढचं वाक्य ‘साताऱ्यात’नं उचलायचं. ‘पोरं’ सोडली की ‘पोरं’ उचलायची. शेपूट धरलं की बैल आपसूक ओढत नेतो. पाठांतराचं ओझंही कमी होतं, कारण पुढचं वाक्य मागच्यात लपलेलं असतं. जन्मतारीख मी काढून टाकली. साताऱ्या-सांगलीत शाळेत गेलेल्या माणसाला कर्मवीरांची जयंती माहीत असते, प्रभातफेरीला तो स्वतः चालत गेलेला असतो. आणि नाव शेवटी ठेवलं. सगळ्यांना पहिल्या वाक्यापासून ठाऊक असतं कोणाबद्दल चाललंय, तरी ते शेवटी आलं की टाळी पडते. टाळी घ्यायला लाजू नये, फक्त ती कोणत्या शब्दावर पडणार हे आपल्याला आधी ठाऊक असावं.

‘भूक आली’च्या नंतर थांबायचं. मोजून एक श्वास. अस्खलितच्या हिशेबानं हे थांबणं धोक्याचं, पोर विसरलं की काय असं मागच्या बाकावरच्या आईला वाटतं. ओघाच्या हिशेबानं ते हवंच, नाहीतर पाणी साठणार कुठे? माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जाऊन बघा. नदी डोहात संथ होते, पण तिचा ओघ तुटला असं कोणी म्हणत नाही.

आजोबांच्या ‘फर्डी’कडे येतो. ‘फर्डा’ मला आवडतो. बोलताना जीभ आपटते, हा शब्दच मुळी धीट आहे. त्यात आत्मविश्वास आहे, वेग आहे, जरा छाती पुढे काढलेली आहे. फर्डा वक्ता, फर्डं इंग्रजी. कोणत्याही अर्थानं ती शिवी नाही, वर्तमानपत्रं मोठमोठ्या पुढाऱ्यांना आदरानं ‘फर्डे वक्ते’ म्हणतात. पण ‘फर्डा’ मजकुराची हमी घेत नाही. तो म्हणतो, माणूस बोलायला तयार आहे. काय बोलतोय ते तुम्ही बघा. कसोटी सोपी आहे. शोकसभेतल्या भाषणाला ‘फर्डं’ म्हणून बघा. जमतं का? जीभ वळत नाही. ‘हृद्य’ म्हणतो आपण, ‘भावपूर्ण’ म्हणतो. आजोबांनी घरात म्हणावं, सोप्यात बसून शेजाऱ्यांना सांगावं, ‘आमची नात लई फर्डी’. त्या ‘लई’सकट तो शब्द गोड लागतो. मानपत्रात नको.

असं कुठला शब्द कुठल्या बोलण्याशेजारी बसतो, हे बघितलं की अर्थ कोश उघडण्याआधीच हाती येतो. कीर्तन रसाळ असतं. ‘अस्खलित कीर्तन’ म्हणालात तर बुवांचा अपमान होईल. पोवाडा खणखणीत. वकिलाचा युक्तिवाद बिनतोड. सूत्रसंचालन ओघवतं. तमाशातल्या सोंगाड्याचं बोलणं हजरजबाबी. कवलापूरच्या काळू-बाळूंना बघितलेली माणसं अजून आमच्याकडे आहेत. त्यांच्या जोडीला कोणी ‘अस्खलित’ म्हणालं तर ती माणसं तोंडाला पदर लावून हसतील, कारण त्या दोघांची निम्मी मजा मुद्दाम अडखळण्यात होती. चार वर्षांची पोर चुरूचुरू बोलते. तीच चाळीस वर्षांची झाल्यावर चुरूचुरू बोलली तर कौतुक नाही. डोळे बोलके असतात, चित्र बोलकं असतं, आणि मला विचाराल तर भाव दाखवणाऱ्या बोलण्याला मराठीत सगळ्यात साधा आणि खरा शब्द हाच आहे, ‘बोलकं’. गंमत म्हणजे बोलण्यालाच आपण तो वापरत नाही.

नादातून आलेले शब्द तर आणखी नेमके. परवचा घडाघडा म्हणतात. तिथे अर्थ कळला की नाही हा प्रश्नच नाही, गाडी रुळांवरून गेली म्हणजे झालं. उच्चार मोकळा, एकेक अक्षर सुटं वाजणारा असेल तर खडाखडा बोलला. मनात दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं तर भडाभडा बोलला, आणि नंतर पस्तावला. इंग्रजी फाडफाड. एकेका स्वराचा हा फरक आहे, आणि कुठल्याही शेतकरी बाईला तो न शिकवता येतो. स्पर्धेतल्या शंभरातली ऐंशी पोरं घडाघडा बोलतात आणि त्यांना आम्ही ‘अस्खलित’ असं संस्कृत शेला पांघरून घरी पाठवतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा एकदा उभं राहून ऐका. सौदा पुकारणारा माणूस ढिगामागून ढीग घेत जातो. दर वर चढतो तसा आवाज चढतो, कुठे अक्षर गिळतो, कुठे आकडा लांबवतो, आणि शेवटचा दर असा टाकतो की पुढे कोणाची बोली यायची हिंमत होत नाही. त्याच्याइतकं न अडखळता बोलणारा माणूस मी स्टेजवर फारसा बघितलेला नाही. पण त्याला कोणी वक्ता म्हणत नाही, त्यालाही म्हणवून घ्यायचं नाही. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्यात आहे. पण यार्डात तो माल बोलून खपवत नाही. हळकुंड व्यापाऱ्यानं मोडून आतला रंग बघितलेला असतो. पुकारा फक्त त्या रंगाच्या मागोमाग चालतो.

जुन्या लोकांनी हा भेद फार आधी पकडला होता. पाणिनीच्या व्याकरणात, पाचव्या अध्यायात, दोन सूत्रं एकापाठोपाठ एक आहेत. पहिलं ‘वाचो ग्मिनिः’. वाच् या शब्दाला ग्मिन् प्रत्यय लागला की होतो वाग्मी. लगेच पुढचं ‘आलजाटचौ बहुभाषिणि’. त्याच वाच् ला आल किंवा आट लागला की होतो वाचाल किंवा वाचाट, म्हणजे आपला वाचाळ. शब्द तोच, वाणी तीच, शेपूट बदललं की माणूस बदलला. नंतरच्या टीकाकारांनी स्पष्टच करून टाकलं की वाचाळ निंदेनं म्हणायचं, आणि पुष्कळ पण चांगलं बोलणारा असेल तर तो वाग्मीच. म्हणजे जास्त बोलणं हा गुन्हा नाही, हे ध्यानात घ्या. माझ्यासारख्या लांबण लावणाऱ्याला त्यात जरा आशा आहे. ‘वाग्मी’ मराठीत आता फार कोणी वापरत नाही, पण भाषेतला प्रवाह, अर्थ आणि संयम तिन्ही एका शब्दात हवे असतील तर त्याच्यापुढे मला दुसरा शब्द दिसत नाही. आठवीतल्या मुलीला मात्र तो अंगावर मोठा होईल, थोरल्या बहिणीच्या परकरासारखा.

‘वाक्पटू’ही असाच मोठा आहे, शिवाय त्यात थोडी वकिली आहे. पटू म्हणजे धारदार, चलाख. वादात हार न जाणारा तो वाक्पटू. लिहिताना लोक ‘वाकपटू’ लिहितात, कोणी ‘वाग्पटू’ही. प हा कठोर वर्ण, त्याच्यापुढे क् तसाच राहतो, म्हणून वाक्पटू, वाक्प्रचार, वाक्चातुर्य. मृदू वर्ण आला की ग् होतो : वाग्देवी, वाग्युद्ध, वाग्जाल. आणि शेवटी पटू दीर्घ असला तरी ‘पटुत्व’ ऱ्हस्व.

आमच्या जिल्ह्यांनी वक्ते फार दिले आणि त्यांची जातकुळी एक नाही. क्रांतिसिंह नाना पाटील प्रतिसरकारच्या दिवसांत गावोगाव बोलले ते रानातल्या, गोठ्यातल्या मराठीत. त्या बोलण्याला ‘ओघवतं’ म्हणणं म्हणजे दगडी बांधाला ‘नाजूक’ म्हणणं. रांगडं म्हणा, थेट म्हणा. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण वेगळे. तिथे शब्द तोलून येतो, मध्ये जागा असते. त्यांच्यासाठी ‘संयत’ शोभतो. आणि फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले. ‘ओघवती वाणी’ हे दोन शब्द आमच्या पिढीनं त्यांच्याकडे बघून शिकले. लांब वाक्य हाती धरायचं, मध्येच तीन उपवाक्यांच्या वाड्यांना भेट द्यायची आणि क्रियापद शेवटी बरोबर जागेवर आणून ठेवायचं. मी तरुणपणी त्यांचं भाषण ऐकून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तसं बोलायला गेलो. तिसऱ्या उपवाक्यात कर्ता हरवला. पोरं हसली. कर्ता अजून सापडलेला नाही.

‘अस्खलित’बद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, ती इथे सांगून टाकतो. माझ्या वर्गात जतकडचा एक मुलगा होता. क आणि प वर अडकायचा. हजेरीला बाकीची पोरं ‘प्रेझेंट सर’ म्हणायची, हा ‘हजर’ म्हणायचा. मला वर्षभर वाटलं, मराठीचा अभिमान. नंतर कळलं, प टाळतोय. स्नेहसंमेलनात पोवाड्याच्या कोरसमध्ये तो उभा राहिला आणि एकदाही अडकला नाही. तालावर, सुरावर, चारजणांच्या आवाजात तोतरेपणा पुष्कळदा निवळतो, हे मला नंतर समजलं. पुढच्या वर्षी तो स्वतःहून वक्तृत्वाला उभा राहिला. विषय दुष्काळ. टँकरच्या रांगेत आईची घागर कशी फुटली, ते त्यानं सांगितलं. ‘घागर’ सरळ निघाला, ‘पाणी’ निघेना. प... प... करत तो थांबला, हातानं ओंजळ केली आणि तशीच धरून पुढचं वाक्य बोलला. सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते.

त्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात ‘अस्खलितपणा : १० गुण’ असा रकाना होता. दोघा परीक्षकांनी त्यात त्याला दोन-दोन दिले. तक्त्याप्रमाणे ते चुकले नाहीत. पोर उत्तेजनार्थमध्येही आलं नाही. मी तेव्हा संयोजकांशी भांडलो नाही, चहा पिऊन एसटीनं घरी आलो, याची चुटपुट आजही आहे. पुढे माझ्या हातात तक्ता करायचं आलं तेव्हा तो रकाना काढला आणि ‘श्रोत्यांपर्यंत पोचणे’ असा लिहिला. भाषा ओबडधोबड आहे, पण रकाना चालतो. आणि तोतरा, बोबडा, चाचरणारा हे तिन्ही एक नव्हेत. तोतरा अक्षरावर अडतो, बोबड्याचा उच्चार अस्पष्ट निघतो, चाचरणारा भीतीनं किंवा संकोचानं अडतो. परीक्षकांना निदान एवढं तरी माहीत असावं.

आता मानपत्र. मंडळाच्या कार्यकर्त्यांना ‘वक्ता दशसहस्रेषु’ छापायची हौस असते. पुष्कळांना वाटतं त्याचा अर्थ दहा हजारांच्या सभेपुढे बोलणारा. तसं नाही. शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित, दहा हजारांत एक वक्ता, असा त्या संस्कृत श्लोकाचा हिशेब आहे. आणि चौथा चरण म्हणतो, दाता मिळेल किंवा मिळणारही नाही. तो कोणी छापत नाही, कारण वर्गणी देणारे स्टेजवरच बसलेले असतात. तुम्हीही राहू द्या. आठवीच्या पोरीला दहा हजारांत एक ठरवलं की पुढच्या वर्षी ती उभी राहायला घाबरते.

‘वक्ती’चंही सांगतो. नेता-नेत्री, अभिनेता-अभिनेत्री, तसं वक्ता-वक्त्री, हे व्याकरणानं खरं. पण ‘वक्त्री’ माईकवर म्हणताना निवेदकाची फजिती होते. त्यापेक्षा वाक्य मुलीभोवती न रचता तिच्या वाणीभोवती रचा. असं काहीसं : ‘स्वच्छ उच्चार, अस्खलित वाणी आणि विषयाची मनापासून जाण यांच्या बळावर तालुका वक्तृत्व स्पर्धेत द्वितीय क्रमांक मिळवल्याबद्दल मंडळातर्फे कौतुकपूर्वक सत्कार.’ ‘ओघवती’ लिहू नका. परीक्षकांनी ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आहे, आणि मुलीनं त्यांचा शेरा वाचलेला आहे. घरच्यांनी न मिळालेलं लिहिलं की मुलांच्या बरोबर लक्षात येतं.

फ्लेक्स छापायला जाणार असेल तर एवढं सांभाळा. ‘वक्तृत्व’ हा शब्द मी या दोन जिल्ह्यांत ‘वकृत्व’, ‘वक्तृत्त्व’ आणि एकदा ‘वर्तृत्व’ असा वाचलाय, त्यातला एक तर स्पर्धेच्या स्वागत कमानीवर होता. व, मग क्तृ, मग त्व. वक्तृ म्हणजे वक्ता, त्याला त्व लागला, एकच त. ‘अस्खलित’मधला ‘लि’ ऱ्हस्व. हे फोनवरून सांगू नका, स्वतः जाडसर अक्षरात कागदावर लिहा आणि तो कागद फ्लेक्सवाल्याच्या हातात द्या. छापायच्या आधी एकदा स्क्रीनवर मुलीलाच वाचायला लावा. चूक असेल तर ती धरेल.